कागद चिकटला नाही

माझ्या गावाचं नाव काय.
विचारत नाहीये, सांगतेय. नावच तसं आहे.
मालीच्या पश्चिमेला, सेनेगल नदीच्या काठी,
जिथे एप्रिलात पाना उन्हात विसरला
तर उचलताना तळहातावर त्याचा नंबर उमटतो.

दियागेली टॅक्सी घेऊन आला तो हीटर लावून.
पंचेचाळीस अंश, आणि हीटर पूर्ण उघडा.
पुलावरच्या रांगेत काटा लालात गेला
तेव्हा इंजिनाची आग त्याने स्वतःच्या अंगावर ओढून घेतली.
बरोबरच केलं.
मागच्या सीटवरच्या दोघी मात्र शिव्या देत उतरल्या,
भाडं न देता.

"एसीचा गॅस संपलाय," म्हणाला.
सगळे हेच म्हणतात.
"दोनदा भरला. पोराने पैसे पाठवले, दोन्ही वेळा."
पोरगा हामे. पॅरिसजवळ मोंत्रईला रात्रपाळी करतो,
आणि सुटीच्या दिवशी फोनवरून नाडी बघतो:
बाबा, गॅसच.

मी झाकणाला हात लावला नाही.
माझ्या वस्तादाच्या हनुवटीपासून छातीपर्यंत
गुलाबी कातडं होतं. तोच माझा पहिला धडा:
तापलेल्याचं तोंड उघडू नये.
सावलीत बसावं, चहा ठेवावा.
पहिला कप कडू, दुसरा बरा,
तिसरा गोड होईतो इंजिन बोलण्याच्या लायक होतं.

मग विचारलं, रस्त्याला लागलं की गार येतं?
येतं.
आणि उभं राहिलं की?
जातं.
मग गॅस नाही हो. गॅस असा वेळ बघून संपत नाही.

वरचा होज चटका देणारा, खालचाही तसाच.
पाणी फिरत होतं, पण बाजारातून
न विकलेला माल डोक्यावर घेऊन परतावं, तसं.
पंखाही फिरत होता, जोरात. नुसता देखावा.
भाचीच्या वहीतलं एक पान फाडून
मी पुढच्या जाळीवर धरलं.
आत ओढणारा वारा असला की कागद चिकटून राहतो.
राहिला नाही.
घरंगळत दियागेलीच्या चपलेवर पडला:
सातचा पाढा, निम्मा चुकलेला.

बंपर काढला. एसीची जाळी पुढे, रेडिएटर मागे,
मधे दोन बोटांची फट,
आणि त्या फटीत कोण नव्हतं!
टोळांचे पंख, शेवरीचा कापूस, लाल धूळ,
काळ्या पिशवीचा तुकडा,
वर्षानुवर्षं दाबून दाबून त्याची घोंगडी झालेली.
भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून बसलं होतं बिचारं,
आणि आम्ही त्याला थंडीचं औषध पाजत होतो.

धुतलं ते इंजिनाच्या बाजूनं, हलक्या धारेनं.
पाती कागदासारखी असतात, रागावून चालत नाही.
आधी चिखल आला, मग चहा, मग पाणी.
दुसऱ्यांदा भरलेला गॅस जास्तीचा होता,
तोही बाटलीत काढून घेतला.
दोन हजार फ्रँक, एवढंच.
तेच पान पुन्हा धरलं:
चिकटलं. पाढा सरळ वाचता येत होता.

दियागेली गाडीत जाऊन बसला,
जाळीसमोर तोंड धरून, डोळे मिटून.
घामाने भिजलेली कॉलर हळूहळू वाळत होती.
तेवढ्यात फोन वाजला. हामे.

"नाही रे," त्या गार वाऱ्यात तो म्हणाला,
"फुने बघतेय अजून. सापडत नाहीये.
पैसे नको पाठवू. नुसता फोन कर.
उद्या कर."

माझ्याकडे बघून त्याने फोनवर हात ठेवला.
"गाडी बरी झाली म्हटलं,
तर पोराला विचारायला उरतं काय?"

मी काही बोलले नाही.
खिडकीतून हात आत घातला
आणि पंख्याचा आवाज मोंत्रईपर्यंत जाऊ नये म्हणून
एसी बंद केला.