दहा, दोन, सहा

पहाटे सहा, मग दहा, दोन, पुन्हा सहा, झोपताना दहा.
माझ्या मोबाइलचा गजर अख्ख्या गुजरीला पाठ आहे.
दोन वाजले की हरणे शेठच म्हणतात,
"सुलभा, ऊठ गं, वाजलं बघ."
पैंजणाला अर्धं लावलेलं घुंगरू तसंच ठेवते,
कुबड्या घेते, दुकानामागच्या दाराशी जाते,
जिथं खिळ्याला माझा आरसा टांगलाय.

आधी साबण.
बोटांच्या बेचक्यात चांदीची काळी भुकटी बसते,
ती निघेपर्यंत पाणी.
मग नळी. रबराची नव्हे, रबर मला सोसत नाही,
सातव्या वाढदिवशी फुगा फुगवला
आणि ओठ फुग्याएवढे झाले.
धार प्लॅस्टिकच्या मापात पडते.
पलीकडच्या बाजूचे आकडे
आरपार वाचता आले तर दिवस बरा.

नवा डॉक्टर हमखास विचारतो, "जळजळ होते का?"
मला काय ठाऊक?
कमरेखालून माझ्याकडे बातमी येत नाही.
पाठीवर जन्मानंतरच्या टाक्यांची रेघ आहे,
आक्का तिला देवानं मारलेलं ठिगळ म्हणते,
सीपीआरच्या जुन्या कागदावर स्पायना बायफिडा.
मला कळतं ते असं फिरून फिरून:
डाव्या पायाचा अंगठा उगाच उडायला लागतो,
मानेवर घाम येतो, भाकरी गिळवत नाही,
आणि आक्का काही न बोलता
खोलीची खिडकी उघडते.

चुलतभावाच्या लग्नात, शिरोळच्या कार्यालयात,
सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नव्हतं.
प्यायलं तर जावं लागेल,
आणि जायला तीन पायऱ्या, कठडा नाही.
(नाव माझं सुलभा.
स्टँडवरच्या सुलभलाही तीनच आहेत. मोजल्यात.)
नऊ तास हसतमुख बसले, फोटोत छान आलेय.
तिसऱ्या रात्री अशी हुडहुडी भरली
की लोखंडी खाटेचे नट वाजायला लागले.
किडनीपर्यंत गेलं होतं. सहा दिवस सलाईन.
शिरगुप्पी मॅडम रागावल्या नाहीत.
पेल्यात पाणी ओतलं
आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या.
बाहेर रांग होती.

मुजावरांच्या लॅबमधून कागद येतो:
वर जंतूचं नाव, खाली औषधांची यादी,
एकेकापुढे एस नाहीतर आर.
एस म्हणजे लागू पडेल. आर म्हणजे जंतू शहाणा झालाय.
माझ्या कागदावर आर वाढत गेलेत.
मेडिकलवाल्यानं तोंडी दिलेल्या,
शेजारच्या डब्यातल्या उरलेल्या,
दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडलेल्या
सगळ्या गोळ्यांची पावती त्या रकान्यात आहे.

म्हणून परवा त्या तरुण डॉक्टरनं
कागद बघून पेन उचललं, तेव्हा म्हटलं,
थांबा. ताप नाही, घाम नाही, अंगठा गप आहे.
हे जुने भाडेकरू आहेत, साहेब.
भांडण काढत नाहीत तोवर राहू द्यात.
त्यानं मॅडमना फोन लावला, बराच वेळ हं हं केलं,
आणि पेन खिशात घातलं.

आज रविवार. कागलहून एक बाई लेकीला घेऊन आली,
समिधा, वय अकरा,
तोंड असं, की शिक्षेलाच आणलंय.
आईला बाहेर बसवलं. आरसा खिळ्यावरून काढला.
"दुखतं का?"
"तुला नाही कळायचं. मलाही नाही कळत.
म्हणून तर बघायचं."
तिनं आधी आरसा वर धरून टिकली सरळ केली,
मग खाली.
पहिल्यांदा नळी चुकली. नवी घेतली, तीही चुकली.
"जाऊ दे ना," म्हणाली. मी नाही जाऊ दिलं.
तिसऱ्यांदा धार आली
आणि पोरगी एवढ्या मोठ्यानं हसली
की दाराबाहेरून, "काय झालं गं?"
"काही नाही!" दोघी एकदम.
मग मापावर वाकली, एक डोळा मिटून:
"दोनशे वीस.
मावशी, पलीकडचं दिसतंय."