साडेतीन इंच

एकतीस वर्षं अंबडला क्वालिटीत होतो.
शाफ्ट नुसता बोटांत फिरवला
तरी सांगायचो, हा नापास.
पोरं म्हणायची,
शेवाळेसाहेबांच्या नखातच व्हर्नियर आहे.

आणि इथे, सिडकोच्या चौथ्या स्कीममध्ये,
मंदा पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची.
मला वाटायचं, पायाला फरशी गार लागत असेल.
डिसेंबरात नळाचं पाणी चावतंच आमच्याकडे.
पण ती भर मे महिन्यातही पाटावरच असायची,
हे माझ्या तपासणीत कधी आलं नाही.

घराचं काम काढलं तेव्हा
अनघा कोठावदेपुढे मी यादी ठेवली:
पीओपी, टीव्हीमागे लाकडी पॅनल,
दारावर पितळी अक्षरांत आडनाव.
तिने यादी वाचली, घडी घालून वहीत ठेवली.
म्हणाली, काकू, जरा भिंतीला टेकून उभ्या राहा.
चपला काढा. आता कोपर दुमडा,
पोळी लाटताना दुमडता तसं.
आणि कोपरापासून टेप खाली सोडला.

छत्तीस.
मग ओटा मोजला.
चौतीस.
टेप सर्रकन आत गेला
आणि स्वयंपाकघरात कुणी काही बोललं नाही.
मंदाचा हात तसाच दुमडलेला,
खाली घ्यायचा राहून गेलेला.

मग बल्ब. तो तिच्या पाठीमागे होता.
सुरीखाली आधी तिची सावली यायची,
मग कांदा.
सव्वीस वर्षं ती स्वतःलाच चिरत होती म्हणायचं,
पण असलं काही बोललो असतो
तर मंदा म्हणाली असती,
जा, दळण घेऊन या.

पगारे मिस्त्री अडून बसले:
ओटा सगळीकडे चौतीसच असतो, मॅडम,
कडाप्पा त्याच मापात बसतो.
अनघा म्हणाली,
सगळीकडे या काकू नसतात.

साडेतीन इंच.
गणपतीआधी ओटा तेवढा खाली आला.
सिंकसमोर खिडकी फोडली,
तिच्यातून गल्लीतला शेवगा दिसतो
आणि त्याच्या फांद्यांत अडकलेला
कुणाचा तरी निळा पतंग, संक्रांतीपासूनचा.
हॉलकडच्या भिंतीत अनघाने चौकोन कापला,
दोन फूट बाय तीन.
पॅनलचे पैसे त्यातच गेले.

आधी मला टीव्हीसमोरून
फक्त तिची पाठ दिसायची.
आता तोंड दिसतं.
कुकरच्या शिट्ट्या ती ओठांनी मोजते,
चौथीला भुवई उचलते.
आमटीची चव घेताना डोळे मिटते.
कधी कधी एकटीच कशाला तरी हसते.
विचारलं, काय गं?
म्हणाली, काही नाही,
तुम्ही बातम्या बघा.

पाट आता अंगणात आहे.
शेजारचा अथांग त्यावर बसून
बुटांच्या नाड्या बांधतो
आणि रोज एक गाठ चुकवतो.

मंदा बहिणीकडे सटाण्याला गेली, चार दिवस.
सकाळी चहा टाकला, कपबशा विसळल्या,
संध्याकाळी खिचडी.
दुसऱ्या दिवशी कंबर धरली.
मी पाच फूट नऊ.
साडेतीस इंचांच्या ओट्यावर वाकायचं म्हणजे
डब्यातून मीठ काढतानाही
कुणाला तरी नमस्कार केल्यासारखं होतं.

फोनवर सांगितलं तिला,
ओटा फार खाली गेलाय गं,
पाठ नुसती ठणकतेय.
पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.
मला वाटलं, रेंज गेली.

मग म्हणाली,
पाटाचा काही उपयोग नाही बघा तुम्हाला.
आणि जी हसायला लागली,
मागून बहीण विचारतेय काय झालं, काय झालं,
तरी थांबेना.

मी कानाला फोन धरून
ओट्यापाशी उभा.
दूध वर येत होतं.
वाकलो, गॅस बारीक केला.