अनामत

रात्री दहानंतर आवाज बंद, म्हणून हेडफोन.
भाडं आठशे, अनामत दीड हजार.
मनगटाची पट्टी कापल्याशिवाय सुटत नाही,
हे मी प्रत्येकाला सांगतो.

वेळागरच्या वाळूत तीनशे माणसं नाचतात
आणि ऐकू येतात फक्त पाय.
मध्येच कुणी एकटाच मोठ्यानं गातो, बेसूर,
त्याला पत्ता नसतो.

लाल, निळा, हिरवा, अशी तीन बटणं.
पुण्याची एक बाई हिरवं सोडून लालवर आली,
नवऱ्यासाठी.
तो तोवर निळ्यावर गेलेला.

चार वाजता रापणीचा बस्त्याव थबकला.
"ह्येंका काय चावला रे?"
म्हटलं, तेवीसशे रुपये.

उजाडताना मी नग मोजतो,
कानांच्या गाद्या स्पिरिटनं पुसतो.
दोन कमी, म्हणजे माझ्या पगारातून.
एकात वाळू.
एक अजून लाल, आत ठोका चालूच,
ऐकायला कोणी नाही.

बस्त्यावनं तो मागून घेतला, कानाला लावला,
आणि दोर ओढायला गेला.
पाच-सहा हिसके दिले असतील.
"मागे पडता ह्यो," म्हणाला,
ओल्या हातानं परत दिला.

त्याची अनामत मी घेतलीच नव्हती.