आधी ढेप

अमळनेर, तळमजल्यावरची प्रयोगशाळा,
एप्रिल. नळाचं पाणीही कढत.
पऱ्हाटीचा भुगा वाफवून ठेवलाय पराती भरून.
वेचणी संपली की हीच बांधावर जळते,
थोडी चुलीला, बाकीचा नुसता धूर.
तिच्यात साखर आहे. मागतोय आम्ही
दोन वर्षं. देत नाही.

एन्झाइमची बाटली बर्फात येते.
बाविस्कर मॅडम थेंब मोजतात
सोनारानं गुंजा मोजाव्यात तसे,
आणि निम्मे थेंब साखरेपर्यंत जातच नाहीत.
वाटेत लिग्निन.
जो येईल त्याला चिकटतं,
सोडत नाही.

सुपडू अण्णा काचेची भांडी धुतात.
त्यांनी विचारलं, म्हणजे आमच्या पारोळ्याच्या मामासारखं?
लग्नघरी तो ओट्यावरच ठाण मांडायचा.
आला-गेला धरायचा, मनगट सोडायचा नाही.
आचारी अडकला, पाणक्या अडकला,
आत चुली थंड.
मग मायनं गल्लीतले दोन रिकामे म्हातारे आणले,
विड्या दिल्या,
म्हणाली, बठा आठे, याच्याजवळ.
आचारी सुटला.

मॅडम हसल्या.
मग हसायच्या थांबल्या.

ऑइल मिलच्या गोदामातली झाडलोट,
सरकीच्या ढेपेचा चुरा, पोतंभर,
हमालानं पैसे घेतले नाहीत.
पहिल्या खेपेला आंबला.
आंबट, गोठ्यासारखा वास जिन्यापर्यंत,
प्राचार्य नाकाला रुमाल लावून आले नि गेले.
दुसऱ्या खेपेला मीच चुकलो,
दोन्ही एकदम ओतलं:
म्हातारे पोचायच्या आत
मामानं आचारी धरलेला.

तिसऱ्यांदा अण्णांच्या जुन्या धोतरातून गाळलं.
ढेपेचं पाणी आधी. तासभर काही नाही.
स्वस्त प्रथिनं लिग्निनशेजारी बसली,
बसून राहिली.
मग थेंब. मग दोन दिवसांनी यीस्ट.

फ्लास्कच्या तोंडांना फुगे लावले होते,
अण्णांच्या नातीच्या वाढदिवसातले उरलेले.
ढेप नसलेल्यावरचा गुलाबी
मान टाकून पडलेला.
बाकी तीन, सकाळी कुलूप काढलं तेव्हा,
ताठ.
एकावर अर्धवट पुसलेलं नाव: चैताली.

ऊर्ध्वपातन करून वाटीभर निघालं.
काडी लावली. भर दुपार,
खिडकीतून ऊन, ज्योत दिसेना.
पेटलंय की नाही यावर वाद.
अण्णांनी खिशातून कापूस काढला, वात वळली,
वर धरली.
भुर्रकन पिवळी झाली.
पऱ्हाटीनं कापूस पेटवला,
म्हणजे घरातलंच भांडण, अण्णा म्हणाले.

त्यावर चहा ठेवला.
उकळला नाही. कोमट झाला,
तसाच प्यालो, तिघं.

मॅडमच्या वहीत पुष्कळ आकडे आहेत,
आलेख आहेत, चौकटीत प्रश्नचिन्ह आहे:
पुढच्या पोत्यातली ढेप अशीच निघेल?
भिंतीवर मात्र अण्णांनी खडूनं लिहून ठेवलंय,
माझ्यासाठी:
आधी ढेप.
बसू दे तिले.