खंडेनवमीनंतर

खंडेनवमीला लेथला घातलेली माळ
कुणी उतरवलीच नाही.
सुकत राहिली चकवर,
कूलंटच्या वासात तिचा वास मुरत गेला,
आणि दिवाळीच्या झाडलोटीत
हसीनानं ती मागच्या भिंतीशी टाकली,
लोखंडाचा बुरादा, चहाचा चोथा, फाटके हातमोजे
यांच्या ढिगात.

मी ऑफिसात बसते. मस्टर, चलन, गेटपास.
माझी खिडकी त्या भिंतीकडं उघडते
म्हणून हे मला माहीत.
एरवी उद्यमनगरात
कोण कुणाचं मागचं अंगण बघतं?

भिंतीपलीकडं शेजाऱ्यांची भट्टी,
गिअर तापवून तेलात बुडवतात, रात्रपाळीला सुद्धा.
डिसेंबरात रंकाळ्यावरचं धुकं
नऊ वाजले तरी उठत नाही,
वॉचमन खोकी जाळून शेकत बसतो,
तेव्हाही ती भिंत कोमट असते.
एकदा हात लावून बघितला.
म्हशीच्या कुशीसारखी.

तिथं उगवला झेंडू.
आधी वाटलं, गवत असेल.

भूपाल मगदूम, टर्नर, एकतीस ऑक्टोबरला रिटायर.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
दोन नोव्हेंबरला नऊच्या ठोक्याला
डबा घेऊन गेटात हजर.
मी मस्टर उघडलं, मिटलं.
तेही काही बोलले नाहीत, मागं गेले,
कूलंटचं रिकामं पिंप उभं चिरलं,
कडा घासून बोथट केल्या
(हात कापू नये म्हणून; झाडांचे कुठले हात!)
आणि नर्सरीवाल्यानं फुकट दिलेल्या
फुटक्या काळ्या पिशव्यांतला
पिटुनिया, फ्लॉक्स, एक लंगडा डॉगफ्लॉवर
त्यात ओळीनं लावला.
ओळ कशी? मायक्रोमीटर लावून बघा.

मालक एकदा डोकावले.
"दिवाळी झाली की अण्णा. आता कशाला झेंडू?"
"ऱ्हाऊ दे की. काय पगार मागतंय व्हय?"
मालक हसले. मी चलनावर बघत राहिले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कपिलतीर्थात
मी दीडशेनं घेतला होता किलो.
पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तोच
पोत्यानं ओतलेला रस्त्याकडेला,
गुरंही हुंगून पुढं चाललेली.

मी विचारलं, अण्णा, गारठ्यात मरतील ना ही?
"थंडीचं काय न्हाई हो ताई.
लोक पाणी घालायचं इसरत्यात.
गार पडलं की वाटतंय,
झाडाला आता तहान न्हाई."
आणि चिलीमच्या आकाराच्या त्या तेलाच्या कॅननं
बुडाशी, अगदी बुडाशी,
थेंब थेंब, जसं बेअरिंगला घालावं तसं.

संक्रांतीच्या आठवड्यात स्क्रॅपचा टेम्पो आला.
पोरांनी फावड्यानं ढीग ओढला
आणि एक झाड गेलं त्यात, फुलासकट.
वजनकाट्यावर लागलं
दोनशे बारा किलो.
पावती मीच लिहिली. बुरादा, मिक्स.
टेम्पो वळेपर्यंत मागच्या फाळक्यावर
ते केशरी हलत होतं.

बाकीची राहिली. पिटुनिया तर
सबंध जानेवारी जांभळा रंग सांडत होता.
फ्लॉक्स गेला. का, ते अण्णांनाही कळलं नाही,
दोन दिवस पिंपाशी उकिडवे बसून होते.

शिवरात्रीनंतर ऊन चढलं.
झेंडूच्या बोंडांना तपकिरी आली,
अण्णांनी ती चुरली तळहातावर, फुंकर मारली,
काळ्या काड्या, पांढऱ्या शेपट्या,
इन्सर्टच्या रिकाम्या डबीत भरल्या
आणि माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले,
टोपी काढून, नव्या हेल्परासारखे.
"कंपनीचं बी हाय. न्यायला गेटपास लागंल न्हवं?"

मी पुस्तक ओढलं. कार्बन सरकवला.
माल : बी.
नग : मोजले नाहीत.
खाली छापलेलं असतं,
परतीचा / बिनपरतीचा,
नको ते खोडायचं.

मी दुसरं खोडलं.
अण्णांनी चष्मा लावून वाचलं, घडी केली,
आणि निघताना म्हणाले,
पिटुनियाला उद्या सावली करायला पायजे.