गाडी भरली की

"कधी निघणार?"
"भरली की."
दाशझेवेग एवढंच म्हणाला
आणि पुन्हा बॉनेटखाली डोकं घालून बसला.
राखाडी रशियन व्हॅन, अकरा जागा.
त्या दिवशी आम्ही चार:
मी, लष्करभरतीला निघालेला एक पोरगा,
आणि त्याला पोचवायला निघालेले त्याचे आईबाप.

शारबुलाग म्हणजे पिवळा झरा.
झरा कुठे होता, आता कुणी सांगत नाही.
पाणी मिळतं एका निळ्या खोलीच्या भिंतीतून
बाहेर आलेल्या नळीला, टोकन टाकलं की.
पोरं हातगाड्यांवर कॅन लादून नेतात
आणि वाटेत सांडलेल्या थेंबांची
ती घरी पोचेपर्यंत काच झालेली असते.

रस्ता एकच. सुरू होतो वसतिगृहापाशी
आणि संपतो... नाही, संपत नाही,
घरंच त्याची साथ सोडतात.
पुढे गवत. गवतापुढे गवत.
छपरं मात्र रंगवलेली, तांबडी, हिरवी, जांभळी,
एवढ्या मोठ्या आभाळाला
आपण इथे आहोत हे ओरडून सांगावं लागतं.

दुकानाबाहेर उघड्यावर बिलियर्डचं टेबल.
एका पायाखाली दगड, दुसऱ्याखाली चेपलेला डबा.
तरी प्रत्येक चेंडू शेवटी
उत्तरेच्या भोकाकडेच ओघळतो.
सगळ्यांना ते माहीत आहे,
आणि सगळे पैज लावून खेळतात.

दुसऱ्या दिवशी सात.
एका म्हाताऱ्याने हाताला धरून मला आत नेलं.
शेणाची धग, ओळखीची. खारट चहा, अनोळखी.
"जनावरं किती तुझी?"
"एकही नाही."
त्याने वाडगा खाली ठेवला.
"सगळी त्या हिवाळ्यात गेली?"
मी मान हलवली,
आपल्याकडची, हो आणि नाहीच्या मधली.
निघताना त्याने माझ्या खिशात
वाळलेल्या दह्याचे चार खडे कोंबले,
सर्वस्व गेलेल्या माणसाला द्यावेत तसे.

त्यातला एक अजून चघळतोय.
विरघळत नाही.

गावाच्या टोकाला, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, तापमापक.
दर तीन तासांनी त्सेरेनदुलाम तिथवर चालत जाते,
रात्री दोनलासुद्धा, बॅटरी घेऊन.
एकवीस वर्षं.
आकडा आधी वहीत, मग फोनवर:
उणे एकोणीस. वारा वायव्येचा.
पलीकडून कुणी "बरं" देखील म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी दहा.
आता गावच आमच्याकडे बघायला लागलं,
थर्मास घेऊन बसलेल्या दहा जणांकडे
आणि त्यांच्यातल्या एका रिकाम्या जागेकडे.
दाशझेवेग टायरला लाथ मारायचा, मोजायचा.
पुन्हा दहाच.

चौथ्या दिवशी सकाळी त्सेरेनदुलाम आली.
दोरीने आवळलेली सुटकेस.
एक हात पोटाच्या उजव्या बाजूला,
तो ती काढत नव्हती.
कुणी काही विचारलं नाही.
शेजारची नारमंदाख, बारा वर्षांची,
वही छातीशी धरून मागे उभी.
"डोळा पाऱ्याच्या रेषेत ठेव.
आणि श्वास रोख.
माणसाच्या श्वासाने आकडा चढतो."
मुलीने लगेच रोखून दाखवला,
गाल फुगवून. कुणीतरी हसलं.

मग एका बाईने चमच्याने दूध उडवलं
चाकांवर, वाटेवर, आमच्या दिशेला.
थेंब टायरवरच गोठले.
दार तिसऱ्यांदा आपटल्यावर लागलं.

मागे वळून पाहिलं तर गाव आगपेटीएवढं.
पुन्हा पाहिलं तर नव्हतं.
भरतीचा पोरगा आईच्या खांद्यावर झोपला,
दाशझेवेग काहीतरी गुणगुणत राहिला,
अकरा जणांच्या उबेने
काचा आतून पांढऱ्या होत गेल्या.

बाईने मनगट वळवलं.
दोनला मिनिटभर कमी.
बाही नीट केली. पाठ ताठ केली.
खिडकीकडे तोंड करून,
जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं,
तिने श्वास रोखला.

तिच्यापुढची काच
हळूहळू निवळली.