टेप तीनशे सतरा, दुसरी बाजू

डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो.
हातमोजे, मऊ ब्रश, आणि घाई करायची नाही:
पन्नास वर्षं गुंडाळून पडलेलं काही
एका दिवसात सरळ होत नसतं.

तार्तूत, नदीकडे पाठ केलेली आमची इमारत.
वर पक्षी आणि किडे, मधे साहित्य,
तळघरात मी, आणि लोकप्रिय संगीताचा संग्रह,
म्हणजे लग्नांत, सामूहिक शेतांच्या सभागृहांत वाजलेलं ते सगळं
ज्याला संगीत म्हणताना वरच्यांची जीभ जरा अडखळते.
तिन्ही मजल्यांना केटली मात्र एकच, आणि ती खाली.

सारेमेत्सा गाव, नऊ जून, त्र्याहत्तर.
'कदाकस' वाद्यवृंद. अकॉर्डियन अर्धा सूर खाली,
काय्दो नावाचा ड्रमवाला
दर कडव्याला गाण्याच्या पुढे पळतो.
कोणाची तरी बाटली पडते. कोणी हसतं.
दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मधे
कोणी खिडकी उघडतं, उकाड्यानं असेल,
बिजागरी कुरकुरते,
आणि आत येतो तो.
एकोणीस सेकंद.

मी यंत्र थांबवलं, वर फोन लावला.

विइवे मेत्सओया जिना उतरून आली,
दुखरे गुडघे वरच विसरून.
डोळे मिटून ऐकलं.
"नाइटिंगेल. नर. शेवटची ती करवत ऐकलीस?
ही लकेर आता तिकडे कोणी गात नाही.
बाप मेले, पोरं दुसरंच शिकली."
मग तिनं कागदावर छापून काढला त्याचा आवाज:
काळ्या रेघा, ठिपके, एक लांब ओरखडा,
आणि कौतुकानं म्हणाली,
"तुझ्या ड्रमवाल्यापेक्षा तालाला पक्का आहे."

कॅर्त लोहमुस तेवढ्यात साखर न्यायला आली.
अकरा वर्षं ती एकाच कवयित्रीवर काम करतेय.
हेल्मी रौदसेप. शेवटचा संग्रह, बत्तीस कविता,
एकीतही पक्षी नाही. आधीच्या प्रत्येकीत होते.
त्या शांततेवर लोकांनी पीएचड्या केल्या:
कोणी म्हणालं सेन्सॉर, कोणी म्हणालं देश,
कॅर्तचं म्हणणं शेतावर फवारलेलं औषध,
चाळीस पानं, नकाशांसकट.

"कुठलं गाव?" तिनं विचारलं.
मी डबा फिरवून दाखवला.
ती हळूच खाली बसली, साखरेचं भांडं मांडीवर.
"सभागृहासमोर रस्ता. रस्त्यापलीकडे हेल्मीचं घर.
डायरीत नऊ जूनला एकच ओळ आहे:
यंदा पक्षी आलेच नाहीत."

"परत लाव."
मी परत लावलं.
बाटली, हसू, बिजागरी, तो.
"परत."
सातव्यांदा ऐकून झाल्यावर ती म्हणाली,
"एप्रिलात तिची मुलगी गेली होती.
मला माहीत होतं रे.
मी तळटीप दिली होती. पान एकशे बारा."

विइवे काही बोलली नाही.
तिनं कागद उलटा ठेवला,
मेलेल्या माणसाच्या घरी आरसा फिरवतात तसा.

काय्दो अजून आहे, वोरूत, ब्याऐंशी वर्षांचा.
मी फोनवर विचारलं, त्याला ऐकू कमी येतं,
दोनदा ओरडून विचारलं.
"पक्षी? कुठला पक्षी?
आम्ही वाजवत होतो बाबा!"

विइवेचा लेख वसंतात आला: हरवलेल्या एका बोलीविषयी,
आभारात माझं नाव, चुकीच्या स्पेलिंगसह.
कॅर्तनं चाळीस पानं फाडली नाहीत.
औषधही खरंच होतं, म्हणाली, फवारलं होतंच.
तळटीप तेवढी वर आणली.
त्या एका ओळीला तिला सबंध हिवाळा लागला.

माझ्या फॉर्मात एक रकाना असतो: दोष.
लिहिलं: बाटली, बिजागरी.
पुढे स्वल्पविराम दिला
आणि पेन तसंच धरून बसलो.
साखर अजून इथेच आहे, यंत्रावर.
वरचे दोन्ही मजले आठवडाभर
कोरा चहा पितायत.